लंडनची लाल बस: ३१, २४ आणि १५ नंबर, एका निवृत्त कंडक्टरच्या नजरेतून

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून मुलांकडे लंडनला जाणारी वयस्कर जोडपी आता बरीच आहेत. मुलं सकाळी कामावर जातात, आपण घरात खिडकीला बसतो. मग कुणीतरी म्हणतं, एक दिवस शहर बघून या, आणि उघड्या टपाच्या टुरिस्ट बसचं तिकीट काढून देतं. माझं म्हणणं सरळ आहे. ते तिकीट काढू नका. लंडनच्या रोजच्या साध्या दुमजली लाल बसने फिरा. आम्ही नवराबायको तसे फिरलो आणि त्याबद्दलच हे सविस्तर लिहितोय.

मी वायव्य कर्नाटक परिवहनमध्ये कंडक्टर होतो. आधी बेळगाव-खानापूर-जांबोटी, नंतर निपाणीवरून कोल्हापूर. ‘मुंद होग्री, पुढं सरका’ हे दोन्ही भाषांत ओरडण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे परदेशात गेल्यावर राजवाड्यांच्या आधी माझी नजर बसकडे गेली, आणि खरं सांगतो, तिकडची बस मन लावून बघण्यासारखी आहे.

आधी भाडं. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, जुलै २०१४ पासून बंदच झालेत. ड्रायव्हरशेजारी पिवळं वाटोळं यंत्र असतं, त्यावर कार्ड टेकवायचं, आवाज आला की आत जायचं. उतरताना टेकवायचं नाही. एका स्टॉपवर उतरा नाहीतर टोकापर्यंत जा, भाडं एकच: आम्ही गेलो तेव्हा १.७५ पौंड, म्हणजे आपले दोनशे रुपयांच्या आसपास. स्टेज नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे कापत नाहीत. आणि दिवसभरात बसचं भाडं ठरलेल्या मर्यादेला पोचलं (आम्ही गेलो तेव्हा ५.२५ पौंड) की त्या दिवशीच्या पुढच्या सगळ्या बस मोफत. मात्र एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं आणि दिवसभर तेच वापरायला हवं. मुलीने निघताना बजावलं, ‘बाबा, तुमचं कार्ड आईला देऊ नका हं.’ आपल्या भारतीय बँकेचं कार्ड चालतं, पण बँक वर परकीय चलनाचा आकार लावते. त्यापेक्षा तिकडचं ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, बरं.

बायकोला हे भाडं सुरुवातीला पटेना. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या बसमध्ये पैसे पडत नाहीत, कंडक्टर आधार बघून शून्य रकमेचं तिकीट देतो. तिला त्याची सवय झालेली. ‘एवढं श्रीमंत गाव, आणि बायकांकडून पैसे घेतात की!’ म्हणाली. लंडनमध्ये राहणाऱ्या साठीपुढच्या लोकांना मोफत पास आहे, पाहुण्यांना नाही, हे मुलीने समजावलं. टुरिस्ट बसच्या एजंटाने आम्हाला माणशी चाळीस पौंडांच्या घरातला भाव सांगितला होता. तो आकडा रुपयांत करून दाखवल्यावर बायकोने स्वतःहून लाल बसला पसंती दिली.

मुलगी आम्हाला कॅम्डन टाउनपर्यंत सोडून कामावर गेली. तिथून आम्ही ३१ नंबर धरली आणि चॉक फार्म स्टेशनजवळ उतरलो. तिथून किंग हेन्रीज रोड चालत जवळ आहे. त्या रस्त्यावरच्या १० नंबरच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर घेतलं आणि तिथे स्मारक केलं. बाहेरून आजूबाजूच्या घरांसारखंच आहे, पाटीवरून ओळखावं लागतं. आत फोटो, पुस्तकं, एक साधी खोली. आमच्या निपाणीत १९२५ साली त्यांची परिषद झाली, तो आमच्या भागाचा अभिमान आहे. आणि त्याच्या तीन-चार वर्षं आधी हा माणूस इथे, या थंड गावात, पैशांची ओढाताण सोसत अभ्यास करत होता. बायको खोलीच्या दारात चप्पल काढून उभी राहिली. तिथल्या माणसाने चप्पल घालूनही आत जाता येतं असं खुणेने सांगितलं, पण तिने ऐकलं नाही.

घरापासून जवळच प्रिमरोज हिल आहे. नाव डोंगराचं, पण उंची समुद्रसपाटीपासून साठ-पासष्ट मीटर. चढ सोपा, गुडघे दुखणाऱ्या माणसालाही जमतो. वर बाकं आहेत. यळ्ळूरच्या राजहंसगडावरून बेळगाव पसरलेलं दिसतं तसं तिथून लंडन दिसतं. सेंट पॉलचा घुमट, शार्डचा टोकदार मनोरा, लंडन आयचं चाक. चपाती, मेथीची भाजी आणि शेंगाची चटणी आम्ही तिथेच खाल्ली. डबा नेताच येतो, बागेत बसून खायला कुणाची आडकाठी नाही. बाहेर दोघांचं साधं जेवण घ्याल तर दिवसभराच्या बसपेक्षा जास्त पैसे जातील.

३१ नंबरने परत कॅम्डन, तिथून लगेच २४. तासाच्या आत असल्यामुळे २४ चे पैसे पडले नाहीत. आता खात्यातला माणूस म्हणून बोलतो. २४ नंबरचा मार्ग १९१२ पासून जवळजवळ तोच आहे. एका बाजूला हॅम्पस्टेड हीथ, दुसऱ्या बाजूला पिम्लिको. शंभरावर वर्षं नंबर आणि मार्ग टिकणं सोपं नाही. आमच्याकडे डेपो मॅनेजर बदलला की फेऱ्यांचं वेळापत्रक बदलतं आणि गावातली पोरं शाळेला उशिरा पोचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

या बसमध्ये जे बघितलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. एका स्टॉपवर व्हीलचेअरवरची बाई थांबली होती. ड्रायव्हरने गाडी फुटपाथला अगदी लावून उभी केली. गाडी त्या बाजूला थोडी खाली झुकली. मधल्या दारातून रॅम्प बाहेर आला, बाई आपली आपण चाकं फिरवत वर आली आणि ठरलेल्या मोकळ्या जागेत थांबली. तिथे बाबागाडी घेऊन उभ्या असलेल्या पोरीने बाबागाडी घडी केली, कारण त्या जागेवर पहिला हक्क व्हीलचेअरचा असतो. सगळे थांबले. कुणी घड्याळ बघितलं नाही, कुणी ड्रायव्हरला आवाज दिला नाही. रॅम्प आत गेला, गाडी निघाली.

मी जांबोटीच्या गाडीत अपंग माणसांना दोन्ही काखांत हात घालून वर घेतलंय. त्यांच्या हातात सवलतीचा पास असायचा, पण पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. पास देणारं खातं आणि गाडी बांधणारं खातं एकच, तरी त्या दोघांची कधी गाठ पडली नाही. माझ्या बायकोचे गुडघे गेलेत, त्यामुळे पायरी हा विषय आमच्या घरात रोजचा आहे. लंडनची प्रत्येक साधी बस खालच्या जमिनीची असते. दारात पाय टाकला की आत. ती दिवसभर गाड्यांत चढली-उतरली, एकदाही माझा हात मागितला नाही. ही गोष्ट मी टॉवर ब्रिजच्याही वर ठेवतो.

वरच्या मजल्यावर जाताना मात्र जपा. जिना अरुंद आणि वळणाचा आहे, आणि गाडी चालू असताना चढणं वयस्कर माणसाला धोक्याचं. वर उभं राहायला परवानगी नाही, जागा नसेल तर खालीच थांबायचं. २४ मध्ये बायको खाली दाराजवळच्या सीटवर बसली, मी वर गेलो. तिला खालीच आवडलं. चढणारी-उतरणारी माणसं दिसतात म्हणाली. शेजारी सिल्हेटकडची एक बांगलादेशी बाई बसली होती, तिच्याशी मोडक्या हिंदीत सुनांबद्दल बोलणंही झालं. टुरिस्ट बसमध्ये शेजारी दुसरा टुरिस्टच बसणार.

२४ टॉटनहॅम कोर्ट रोडवरून जाते. तिथून ब्रिटिश म्युझियम चालत काही मिनिटांवर. त्याच्या वाचनालयात बाबासाहेब अभ्यास करायचे. पुढे ट्रफाल्गर स्क्वेअर, व्हाइटहॉल, घोडेस्वार पहारेकरी, डाउनिंग स्ट्रीटचं फाटक, आणि पार्लमेंट स्क्वेअर. आम्ही तिथे उतरलो. एलिझाबेथ टॉवर, ज्याला सगळे बिग बेन म्हणतात, तो ९६ मीटर उंच आहे. फोटो काढणाऱ्यांची जत्रा असते, त्यात पाच मिनिटं पुरेत. खरा वेळ द्यावा तो चौकातल्या गांधीजींच्या पुतळ्याला. मार्च २०१५ मध्ये बसवलाय. अंगावर शाल, १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेला आले होते तेव्हाच्या रूपातला. त्याच चौकात चर्चिलही उभे आहेत.

बेळगावच्या माणसाला इथे थांबल्याशिवाय राहवत नाही. गांधीजी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, आणि ते डिसेंबर १९२४ मध्ये आमच्या टिळकवाडीत भरलं. त्या वेळी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे, मी लहानपणी तिच्या कठड्यावर बसलोय. १९३१ च्या त्याच परिषदेला बाबासाहेबही होते आणि दोघांचं तिथे अजिबात पटलं नव्हतं. सकाळी एकाचं घर, दुपारी दुसऱ्याचा पुतळा, आणि मध्ये एक २४ नंबर. कुठल्याही टुरिस्ट बसच्या कानात लावायच्या यंत्रात ही जोडणी ऐकायला मिळणार नाही, ती आपण आपल्या गावाहून घेऊन जायची असते.

व्हाइटहॉलवरून परत ट्रफाल्गर स्क्वेअरकडे चालत गेलो. स्वच्छतागृहाची काळजी वयस्करांना असतेच, तेव्हा सांगतो: चौकातली नॅशनल गॅलरी मोफत आहे. चित्रं बघा, बसायला बाकं आहेत, सोयही होते. बसमध्ये आणि बसस्टॉपवर ही सोय नसते.

दुपारनंतर १५ नंबर. ही बस ट्रफाल्गर स्क्वेअरजवळून सुटते, आणि त्यामुळेच वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मिळते. गाडी उभी असतानाच वर चढून बसलो, बायकोही या वेळी वर आली. समोर सगळी काच, खाली ड्रायव्हर, आपण रस्त्याच्या वर तरंगतोय असं वाटतं. स्ट्रँडवरून गाडी ऑल्डविचला येते. तिथेच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जिथून बाबासाहेबांनी १९२३ मध्ये डीएस्सी केली. पुढे न्यायालयाची दगडी इमारत, मग फ्लीट स्ट्रीट, जिथे एके काळी सगळी वर्तमानपत्रं छापली जायची. मग लडगेट हिलचा चढ लागतो आणि समोरच्या काचेत सेंट पॉलचा घुमट वर येऊ लागतो. क्रिस्टोफर रेनने १६७५ ते १७१० या काळात हे चर्च बांधलं, उंची १११ मीटर. हा देखावा फक्त पुढच्या सीटवरूनच असा दिसतो. त्यासाठी आधीची एक गाडी सोडायला लागली तरी सोडा.

फ्लीट स्ट्रीटवर गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. सकाळी आठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा हे वेळ टाळा. दुपारी शाळा सुटल्यावर वरचा मजला पोरांनी भरतो, तेही लक्षात ठेवा. पुढे एका स्टॉपवर गाडी मुद्दाम थांबवली आणि आतल्या आवाजाने सांगितलं की गाड्यांमधलं अंतर राखण्यासाठी थांबलोय. लोक जरा चुळबुळले. मला मात्र आनंद झाला. पुढची गाडी आणि मागची गाडी चिकटल्या की पुढची दारापर्यंत भरते, मागची रिकामी पळते. खानापूर रस्त्यावर हे आमचं रोजचं दुखणं, आणि त्या फटीत वडापवाले, म्हणजे खाजगी जीपवाले, घुसून प्रवासी उचलतात. लंडनमध्ये गाड्या खाजगी कंपन्या चालवतात, पण मार्ग, वेळ आणि भाडं ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ठरवते, तिकिटाचा पैसाही तिच्याकडेच जातो. त्यामुळे प्रवासी पळवण्यासाठी कुणी कुणाला ओव्हरटेक करत नाही. चार मिनिटं थांबायला लागली तरी चालतील, ही शिस्त महत्त्वाची आहे.

कंडक्टर मात्र नाही. या सगळ्या देखण्या व्यवस्थेत मला तीच जागा रिकामी दिसली. मागे उघडा दरवाजा असलेली प्रसिद्ध रूटमास्टर बस १९५६ मध्ये रस्त्यावर आली, तिच्यात कंडक्टर असायचा, एक घंटा म्हणजे थांब, दोन घंटा म्हणजे चल. निपाणी स्टँडवर महाराष्ट्राच्या लाल गाडीत आजही दोरी ओढून डबल बेल देतात, तीच पद्धत. त्याच १९५६ पासून लंडनच्या बस खात्याने बार्बाडोस बेटावरून माणसं भरती करून आणली, त्यांतले कितीतरी कंडक्टर झाले. आमच्याकडे १९५६ म्हटलं की दुसरंच आठवतं, त्या वर्षी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि सीमाभागातल्या मराठी माणसाला ते साल सांगावं लागत नाही. डिसेंबर २००५ मध्ये रूटमास्टर नेहमीच्या मार्गांवरून निघाल्या. २०१२ च्या नव्या गाडीत मागच्या दारात पुन्हा माणूस ठेवला होता, तोही २०१६ मध्ये काढला.

आता स्टॉपचं नाव यंत्र सांगतं आणि पाटीवर उमटतं. ते चांगलं आहे, चुकायची भीती राहत नाही. नंबर एवढा मोठा लिहिलेला असतो की इंग्रजी न वाचणारी माझी बायकोही लांबून गाडी ओळखत होती. पण कुठल्या म्हातारीला कुठे उतरवायचंय हे यंत्राला माहीत नसतं. कुणाच्या पिशवीत औषधं आहेत, कुणाचं पोर आजोळी एकटं चाललंय, कुणाला फाट्यावर थांबवलं तर शेतातून घर जवळ पडेल, हे कंडक्टरला माहीत असतं. कंडक्टर काढून पैसा वाचतो हे मला कळतं. तरी आमच्या भागात कुणी हा विचार केला तर मी विरोधात उभा राहीन.

टॉवर ऑफ लंडनला उतरलो. आत कोहिनूर आहे. आम्ही तिकीट काढलं नाही, कारण आत दगडी पायऱ्या भरपूर आणि बायकोचे गुडघे दिवसभराने थकलेले. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी सकाळी लवकर यावं आणि अर्धा दिवस इथेच द्यावा. आम्ही बाहेरून तट बघत नदीकाठाने टॉवर ब्रिजवर गेलो. १८९४ चा पूल, चालायला पैसे नाहीत. मोठं जहाज आलं की मधले दोन्ही भाग वर उचलतात. आमच्या वेळी उचलला नाही. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नव्हती, पुलावरच्या वाऱ्याला स्वेटर मात्र लागला. उन्हाळा म्हणून पिशवीत न ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

परत १५ नंबरनेच ट्रफाल्गर स्क्वेअर, या वेळी खालच्या मजल्यावर, कारण वरची पुढची सीट मधल्या स्टॉपवर मिळत नाही. कार्ड टेकवलं, पण मर्यादा आधीच पूर्ण झाली होती. रात्री मुलीने मोबाइलवर हिशेब दाखवला: बसचे माणशी ५.२५ पौंड. तिच्या घरापर्यंतची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, वेगळी, तिचं भाडंही वेगळं आणि दिवसाची मर्यादाही. लांब उपनगरात राहात असाल तर घरापासून मध्यापर्यंत ट्यूब आणि मध्ये फिरायला बस, असंच करा. अख्खं अंतर बसने काढायला गेलात तर दिवस सिग्नलवरच जाईल.

ज्यांना दुसरा दिवस मिळेल त्यांनी २४ नंबर उलट दिशेने धरावी. तिचं उत्तरेकडचं टोक हॅम्पस्टेड हीथजवळ आहे, मोठं माळरान, तळी, झाडं. डबा घेऊन जा, आणि पिम्लिकोच्या टोकावरून चढा म्हणजे पुढची सीट मिळेल.